पुढच्या सीटवर बसूनच दुरुस्त करीन

माझा डावा कान उजव्यापेक्षा हुशार आहे. चाळीस वर्षं मोटारींच्या बॉनेटखाली वाकताना मी तोच पुढे करत आलो. आता दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, नातवंडं माझ्याशी ओरडून बोलतात. तरी घरासमोर एखादी गाडी उभी राहून थरथरायला लागली की मला बसल्या जागी कळतं, ही कुठून तरी हवा घेते आहे. मी उठून जात नाही. विचारलं तर सांगतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गॅरेजमधले गमतीचे किस्से मागितले होते. गमतीचेही आहेत. पण मी आयुष्यात लिहिणार एकदाच, तेव्हा मला लिहायचं ते लिहितो. त्यांना नाही आवडलं तर छापू नये.

मोटारकाम मी फौजेत शिकलो. लढाई संपली, आम्हाला घरी पाठवलं. वाशीमला परतलो तेव्हा माझ्याजवळ दोन खाकी सदरे, हातात कसब आणि महारवाड्यात दोन खोल्यांचं घर एवढं होतं. वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. तेव्हा मोटारी मोजक्या, आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून मोजके. रिसोड रोडला रहीमचाचांचं गॅरेज होतं. तीन बाजूंनी तट्ट्या, वर टिनं, समोर एक कडुलिंब. चाचा मूळचे लोहारकामातले, मोठ्या देहाचे आणि थोड्या शब्दांचे. मी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "व्हॉल्व्ह बसवता येते?"

"येते."

"त बस मंग."

मी बसलो तो चाचा असेपर्यंत तिथून उठलो नाही.

आता ज्यांना मोटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन म्हणजे श्वास घेणारी वस्तू आहे. पिस्टन खाली गेला की आत ओढ लागते. त्या ओढीनं कार्बोरेटरमधून हवा येते आणि येताना मोजकं पेट्रोल सोबत आणते. हे माप ठरलेलं असतं. पण कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या वाटेत कुठं चीर गेली, जोडामधलं पातळ पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, फाटलं, एखादा नट ढिला झाला, की तिथून नुसती हवा आत घुसते. मिश्रण पातळ होतं. गाडी वेगात असली तर फारसं जाणवत नाही, पण उभी राहिली की थरथरते, धापा टाकते आणि बंद पडते. आम्ही म्हणायचो, गाडी हवा घेऊन राह्यली. पंक्चरमध्ये हवा बाहेर येते म्हणून सापडते. ही हवा आत जाते, म्हणून सापडत नाही. मग गाडीवाला आधी प्लग बदलतो, नंतर कार्बोरेटर साफ करून घेतो आणि शेवटी मिस्त्री बदलतो.

एकदा मलेरियाच्या फवारणीची जीप आली होती. चालू इंजिनवर मी ब्रशनं साबणाचा फेस लावू लागलो. सोबतचा इन्स्पेक्टर म्हणाला, "गाडी बिमार आहे अन् तू तिले आंघोळ घालून राह्यला?" मी म्हटलं, "पाहा जी तुमी." कार्बोरेटरच्या बुडाशी लावलेला फेस सगळीकडे तसाच होता, फक्त एका कोपऱ्यात तो आत ओढला जात होता. तिथं नवं गॅस्केट कापून बसवलं, दोन नट आवळले, आणि जीप घड्याळासारखी चालू लागली. त्या इन्स्पेक्टरनं मला सलाम केला. उलटही झालेलं आहे. आमच्याकडच्या मालेगावच्या एका ट्रकचं मी दोन दिवस खपून इंजिनचं हेड उतरवलं, आणि शेवटी कळलं की हवेच्या वाटेवरचं अंगठ्याएवढं टोपण तेवढं कुठं तरी पडलं होतं. तो ट्रकवाला आठवला की अजून मान खाली जाते.

पण सांगायची आहे ती नानासाहेबांच्या मोटारीची गोष्ट.

नानासाहेबांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. माणूस गोड बोलणारा, वाचनालयाला पुस्तकं देणारा. त्यांचे दोन ट्रक आमच्याकडेच यायचे आणि चाचांची चूल मुख्यतः त्या ट्रकांवर पेटायची. ट्रकच्या कॅबिनमध्ये मी रोज बसायचो. ट्रायलला अनसिंगपर्यंत चालवत न्यायचो. नानासाहेबांनी कधी हरकत घेतली नाही. ट्रकची सीट म्हणजे लाकडी फळी, आणि तिच्यावर त्यांच्या घरचं कोणी बसत नव्हतं.

पंचावन्नच्या आसपास त्यांनी एक विलायती मोटार घेतली. काळी, चार दारांची, आत मऊ सीट आणि त्यावर परीटघडीची पांढरी कव्हरं. ती चालवायला शामराव म्हणून ड्रायव्हर ठेवला. शामराव माझ्याच वयाचा, हसतमुख, गाडीला जीव लावणारा. वर्षभरात गाडीचं रडगाणं सुरू झालं. उभी राहिली की थरथरायची, चौकात बंद पडायची. एकदा म्हणे कलेक्टरसाहेबांच्या पुढ्यात बंद पडली आणि नानासाहेबांना उतरून हसावं लागलं. अकोल्याला दोनदा जाऊन आली. आमच्याकडे तीनदा आली. चाचांनी कार्बोरेटर उघडला, मी गॅस्केटं बदलली, तेवढ्यापुरता फरक पडल्यासारखा वाटला आणि पुन्हा तेच.

चौथ्यांदा गाडी आली ती चैत्रातल्या उन्हात. नानासाहेब स्वतः सोबत होते. चाचांनी त्यांना कडुलिंबाखाली खुर्ची दिली. मी इंजिन चालू ठेवून रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावला आणि दुसरं टोक जोडाजोडावरून फिरवू लागलो. डॉक्टर छाती तपासतो तसं. सगळे जोड घट्ट होते. पण मागच्या बाजूला, जिथून एक बारीक पाइप पत्र्यातून गाडीच्या आत जातो, तिथं मला फार लांबून आल्यासारखा 'सीऽऽ' असा आवाज आला.

मी विचारलं, "शामराव, वायपर कसा चालते?"

"उन्हाळ्यात वायपरचं काय काम?"

"चालू करून त पाहा."

वायपर अर्ध्या काचेवर चढला आणि तिथंच मेला.

त्या काळच्या कित्येक मोटारींत वायपर विजेवर चालत नसे. इंजिनची जी आत ओढणारी ताकद, तीच एका पाइपातून वायपरपर्यंत नेलेली असे. मी तो पाइप इंजिनकडून सोडवला आणि भोकावर बोट दाबलं. इंजिन दूध पिऊन झोपल्यासारखं शांत झालं. बोट काढलं, पुन्हा थरथर. तीन वेळा करून पाहिलं. शामराव शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या तोंडून "अरे बापा" एवढंच निघालं.

अकोल्याच्या आणि वाशीमच्या सगळ्या मिस्त्र्यांनी बॉनेटखाली शोधला तो दोष गाडीच्या आत होता. मी नानासाहेबांसमोर गेलो. खरं सांगतो, छाती फुगली होती.

"मालक, सापडलं. वायपरची नळी आतून फाटली. डॅशबोर्डाच्या मागं आहे. पुढच्या सीटवर उताणं पडून हात घालावा लागीन."

"वा! सापडलं न शेवटी," ते म्हणाले. मग चाचांकडे वळले. "रहीम, मंग घाल हात."

"माहं शरीर तिथं कुठं मावते मालक? किसनच करीन," चाचा म्हणाले.

नानासाहेब हसले. "त्याचे कपडे तेलकट आहेत न बा. कव्हरं पांढरी आहेत."

"पोतं टाकतो मी."

"पोत्यातून बी तेल उतरते, रहीम."

चाचांचेही कपडे तेलकट होते. "मालक, अर्ध्या घंट्यात येतो," एवढं सांगून मी निघालो. चाचा मागोमाग रस्त्यापर्यंत आले. हळूच म्हणाले, "बेटा, जाऊ दे. तू काय म्हनतं ते मले समजते. पन त्याहिचे दोन ट्रक आहेत."

मी थांबलो नाही.

घरी जाऊन केरोसीननं हात घासले, साबणानं अंग घासलं, पेटीतला लग्नकार्याचा पांढरा सदरा आणि धोतर काढलं. माझी बायको रखमा चुलीपाशी होती. म्हणाली, "एवढा थाट कोनाच्या लग्नाले?"

"एका सीटवर बसाले चाललो."

ती उठली, सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "मंग नखं बी काढून जा."

मी नखं काढली. परत गॅरेजात गेलो तेव्हा नानासाहेब तिथंच बसलेले होते. मी समोर उभा राहून दोन्ही हात पुढं केले, तळवे आणि मग पालथे.

"आता?"

शामराव गाडीच्या दिव्यावरची नसलेली धूळ पुसू लागला. शेवटी नानासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "किसन, तू हुशार आहेस. माह्या मनात तुह्याबद्दल काही नाही. पन घरी आई आहे. ह्याच गाडीतून तिले देवाले न्या लागते. तिचं सोवळं असते."

शेवटी एकदाचं बोलले. तेलाची भानगड संपली.

मी म्हणालो, "मालक, तुमच्या ट्रकात मी रोज बसतो. त्या ट्रकातलाच कापूस तुमच्या घरच्या गाद्यांत जाते."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही. "वाद नको. बोट लावलं तर गाडी चांगली चालते म्हनतो न तू? मंग बाहेरूनच बूच मार."

"मारता येते. पन वायपर मरते. पुढं चार महिने पाऊस आहे. मी अर्धं काम करत नाही. पुढच्या सीटवर बसूनच दुरुस्त करीन, नाही त हात लावनार नाही."

"रहीम, तू कर मंग. थोडं आंग चोरून बस."

चाचांनी माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. चाचा जाड होते हे खरं, पण त्याहून अवघड जागी शिरताना मी त्यांना पाहिलं होतं. ते काम त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी कानामागं हात धरला.

"काय म्हनता मालक? मले ऐकू नाही येऊन राह्यलं. कान गेले माहे. हवा कुठं बोलते ते आता हाच ऐकते. माह्यानं नाही होनार."

सकाळी पलीकडच्या रस्त्यानं गेलेल्या बैलगाडीचं चाक सैल आहे हे ज्यांनी न बघता सांगितलं होतं, ते चाचा त्या क्षणी ठार बहिरे झाले.

नानासाहेब उठले. त्यांच्या हुकमावरून शामरावनं लाकडाची खुंटी तासली आणि भोकात ठोकली. इंजिन शांत झालं. गाडी झोकात निघून गेली आणि साऱ्या रिसोड रोडला वाटलं, किसन हरला. मी पांढऱ्या सदऱ्यात उभा होतो. हसणारे हसले.

त्यानंतर दोन्ही ट्रक आमच्याकडे यायचे थांबले. चाचा विळे-कुऱ्हाडी शेवटायला, म्हणजे तापवून त्यांना नवी धार काढून द्यायला लागले, जे काम त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडलं होतं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना धन्यवाद दिले नाहीत, माफीही मागितली नाही. आम्ही दोघं शेजारी बसून भाकर खायचो.

आषाढ लागला. एक दिवस भर दुपारी शामराव एकटाच गाडी घेऊन आला.

"किसन, मालक दुसऱ्याच्या मोटारीनं अकोल्याले गेले. परवा येतीन. तू बस न बाबू आतमंदी. अर्ध्या घंट्याचं काम. कोनाले नाही सांगत मी. पाऊस आला की काच दिसत नाही, एका हातानं पुसतो अन् एका हातानं चालवतो. लय तरास आहे."

गाडीचं दार त्यानं उघडून धरलं होतं. आत कोणी नव्हतं. आज बसलो असतो तर कोणी अडवणार नव्हतं.

मी म्हटलं, "चोरून नाही बसत, शामराव. मालकासमोर बसन."

"आरे, नळीले काय समजते कोन पाहून राह्यलं न कोन नाही?"

"मले समजते."

त्यानं दार लावलं. रागावला नाही, पण हसलाही नाही. जाताना खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला, असं पुसतो म्हणून.

आठवड्याच्या आत ती बातमी आली. नानासाहेबांना मालेगावकडून आणताना वाटेत पावसानं गाठलं. शामराव उजवा हात बाहेर काढून काच पुसत होता. समोरून बैलगाडी आली ती उशिरा दिसली. त्यानं वळवलं, चाक काळ्या चिखलात गेलं आणि गाडी उजव्या अंगावर खाली खंदकात कलली. नानासाहेबांना खरचटलंही नाही. शामरावचा हात दाराच्या आणि दरडीच्या मध्ये सापडला. मनगट मोडलं.

मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो. तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "किसन, तू त्या दिवशी बसला असता त..." आणि पुढं बोलला नाही. ते वाक्य मी गेली तीस-पस्तीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी पुरं करून पाहिलं आहे. खुंटी मी ठोकली नव्हती. बूच मारायला मी नाही म्हटलं होतं. सीट मला नाकारली होती, मी सीट नाकारली नव्हती. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मनगट वाकडंच जुळलं हेही खरं आहे. आज तोच प्रसंग आला तर काय करीन? चोरून बसणार नाही. एवढं लिहून ठेवतो, वाचणाऱ्यानं हवा तो निवाडा करावा.

पाऊस उघडल्यावर बैलांनी ओढून गाडी आमच्या गॅरेजात आणली. पाठोपाठ टांग्यातून नानासाहेब आले. पत्रा चेपला होता, इंजिनला काही झालं नव्हतं. चाचा पुढं झाले नाहीत. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुढचं दार स्वतःच्या हातानं उघडलं आणि कडुलिंबाखाली जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी विचारलं, "मालक, बसू?"

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा विचारलं. मला ते ऐकायचंच होतं.

"बस," ते म्हणाले.

या वेळी मी घरी गेलो नाही. अंगावर कामाचेच कपडे होते. चाचांनी पोतं आणलं ते मी सीटवर पसरलं, कारण कव्हर पांढरं होतं आणि माझे कपडे खरोखर तेलकट होते. मग उताणा झालो आणि डोकं डॅशबोर्डाखाली घातलं. मला वाटलं होतं, फार मोठं काही तरी वाटेल. सीट मऊ होती, तिला ओलसर वास येत होता, आणि मला शामरावचा खिडकीतून बाहेर काढलेला हात दिसत होता. नळी बोटांना लागली. वळणावर कुजून तिला करंगळी जाईल एवढी फाट पडली होती. नवी जाड पोटाची नळी मी अकोल्याहून चैत्रातच मागवून ठेवली होती. पातळ चालत नाही, ओढीनं चपटी होते. ती बसवली, दोन्हीकडं तार आवळली, खुंटी काढून पाइप जोडला. इंजिन चालू केलं. इंजिन शांत, आणि वायपर काचेवर सपासप फिरू लागला.

आता गाडी घरी कोण नेणार? शामराव दवाखान्यात होता. नानासाहेबांना चालवता येत नव्हती. ते टांग्यात चढत म्हणाले, "घरी पोचती कर."

"तुमी बी बसा न, मालक. आवाज गेला का नाही ते ऐकता येईन."

"टांगा आहे मले."

मग मी चालवली. पुढं गेलो नाही आणि मागंही राहिलो नाही. टांग्याच्या बरोबरीनं, घोड्याच्या चालीनं, भर बाजारातून. ऊन पडलं होतं तरी वायपर चालूच ठेवला. कापडाच्या दुकानांतून माणसं पायरीवर आली. टांग्यात नानासाहेब समोर बघत बसले होते आणि त्यांच्या मोटारीत मी. चौकात मुद्दाम थांबवली. इंजिन बंद पडलं नाही. मी टांगेवाल्याला म्हटलं, "चल बा, तू आधी." तो हसू दाबत पुढं झाला.

महिन्याभरानं ट्रक परत आले. नानासाहेब त्यानंतर माझ्याशी तितकंच गोड बोलायचे. शामरावला त्यांनी फॅक्टरीच्या फाटकावर बसवलं. पुन्हा त्यानं गाडी चालवली नाही. मी तिकडून जाताना थांबायचो, आम्ही दोघं बिडी ओढायचो. एकदा त्यानंच सांगितलं, "तू गाडी घरी नेली न, त्याच सांजी सीटची सारी कव्हरं बदलली. जुनी जाळली. सीटवर गोमूत्र शिंपडलं."

मी विचारलं, "अन् नळी?"

"नळी कोन बदलते? त्यासाठी कोनाले तरी सीटवर झोपवा लागन न."

ती गाडी विकेपर्यंत मीच बसवलेली नळी तिच्यात होती. दर पावसाळ्यात नानासाहेबांच्या आई तिच्यातून देवाला जायच्या, आणि त्यांच्या समोरची काच माझ्या हातचं काम पुसत होतं.